ओबदुलियाची बांडगुळं

कोआतेपेकच्या कॉफीमळ्यांत फोर्तिनोचा शब्द चालायचा. सावलीची झाडं साफ करावीत तर त्यानंच. कमरेला दोर, हातात कोयता. तो फांदीवर चढला की शेवाळ, नेचे, झाडावरचं निवडुंग, सगळं धडाधड खाली. "झाडाचं रक्त पितात ही बांडगुळं," तो सांगायचा आणि मळेवाले माना डोलवायचे.

त्याची बायको ओबदुलिया जेवण घेऊन यायची आणि जाताना त्या ढिगातून निवडुंगाचे तुकडे वेचून न्यायची. परसातल्या संत्र्याला चिंध्यांनी बांधायची. मे महिन्यात ते झाड गुलाबी फुलांनी लगडायचं.

"एक दिवस मरेल ते झाड. मग बस रडत!"

"मेलं तर तुम्ही आहातच की तोडायला. जेवा आता, तोर्तिया गार होतायत."

आधी ओबदुलिया गेली. मग संत्रंही वाळलं. फोर्तिनोला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, आपलं खरं झालं म्हणून थोडं बरंही वाटलं. कोयता घेऊन तो परसात गेला, पण तिच्या चिंध्यांवर घाव घालायला हात उचलेना.

मे आला. झाडाला एक पान नव्हतं आणि निवडुंग मात्र नेहमीसारखं फुललं. मेलेल्या लाकडात प्यायला होतं काय? पाऊस आणि धुकं, एवढ्यावरच जगत होतं बिचारं. झाड म्हातारपणानं गेलं होतं. आसपासच्या मळ्यांत ते निवडुंग आता कुठेच उरलं नव्हतं. फोर्तिनोचं काम चोख होतं.

खोड कुजलेलं. पावसाळ्यात ते कोसळलं की हेही चिखलात जाणार. निवडुंगाचे तुकडे कापून, पाठीवर टाकून तो शेजारच्या तरुण मळेवाल्याच्या, नाझारिओच्या मळ्यावर गेला.

"तुझ्या झाडांवर बांधू देतोस?"

नाझारिओ खो खो हसला. "काका, डोकं ठिकाणावर आहे ना? रक्त पितात म्हणून तुम्हीच शिकवलंत की!"

"चुकलो. जन्मभर चुकलो. तिला सांगायचं राहिलं, म्हणून तुला सांगतोय."

हा शब्द फोर्तिनोच्या तोंडून गावात कुणी ऐकला नव्हता. नाझारिओचं हसू विरलं. "एका झाडावर बांधा. बिघडलं तर तुम्हीच उतरवायचं."

फोर्तिनो कुरकुरत्या गुडघ्यांनी चढला. खिशातून ओबदुलियाच्या जुन्या झग्याच्या चिंध्या काढल्या. ओरबाडून काढणं त्याच्या हाताला ठाऊक होतं, बांधणं कधी शिकलाच नव्हता. पहिलाच तुकडा निसटून खाली पडला.

तो उतरला, वाकला, तुकडा वेचला आणि पुन्हा चढला.