जुन्या फायलीचा आवाज उतरत नाही

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दुकानात रोज चहाला येणाऱ्या मित्रांजवळही नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच ‘जाऊ द्या हो, होतं असं’ म्हणू नका. मला तसलं काही नकोय. आणि तोंड वाकडं करायचंच असेल, तर निदान शेवटपर्यंत ऐकून मग करा.

कुरखेड्यात माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं – कॅमेरा खांद्यावर टाकून मी सगळीकडे. पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, कॉम्प्युटर आला, आणि जुन्या व्हिडिओंच्या नव्या फायली करून देणं हे माझं रोजचं काम झालं. त्या दिवसांत काही बिघडलं की आम्हा सगळ्यांचं उत्तर ठरलेलं – मशीनचा प्रॉब्लेम. गिऱ्हाईक मान डोलवायचं. मशीनला जाऊन कोण विचारणार?

सोमाजीभाऊ आमच्या गावच्या दंडारीतला – दंडार म्हणजे आमच्याकडचं नाच-गाण्यांचं लोकनाट्य. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की भर दिवसा दंडार उभी राहायची आणि सोमाजीभाऊ लुगडं नेसून बाईच्या सोंगात यायचा. दंडारीत एक रीत आहे – मध्येच खेळ थांबवून गावातल्याच कोणाची तरी टर उडवायची. ज्याची उडते त्याने रागवायचं नाही. उलट सगळ्यात मोठ्याने हसायचं. मी हसलो नाही – तिथूनच हे सगळं सुरू होतं.

त्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत मी आणि बायको मोह वेचायला गेलो होतो. अस्वल आलं. मी झाडावर चढलो. बायको खाली राहिली. तिने हातातला डबा बडवला, आरडाओरडा केला, अस्वल निघून गेलं. मग मी उतरलो. तुम्ही काय केलं असतं? नाही, नका सांगू. घरात बसून दिलेलं उत्तर मला ऐकायचं नाही.

मंडईत सोमाजीभाऊने नेमकं तेच उचललं. माझ्या बायकोचं सोंग घेतलं. शूटिंग मीच करत होतो, कॅमेऱ्यामागून हलता येईना. गाव हसून हसून लोळलं. पण त्या कॅसेटवर सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं ते माझ्या बायकोचं हसणं. ती माझ्याच बाजूला उभी होती ना – माइकच्या अगदी जवळ.

दहा-अकरा वर्षं गेली. सोमाजीभाऊ वारला. कॅसेटला बुरशी लागून ती कामातून गेली होती, पण तिच्यावरून काढलेली एक सीडी त्याच्या घरी उरली होती. एकच. त्याची मुलगी मंदा नागपुरात नोकरीला. तिचा फोन आला, “काका, बाबाची दंडार नेटवर टाकाची हाय. ही फाइल तिथं चालत नाई म्हनतेत. तुमी नेटवर चालते ती एफएलव्ही फाइल करून द्या ना. आईले बी बाबाचा आवाज आयकाचा हाय.”

नेटवर! म्हणजे गावापुरतं असलेलं हसणं आता जगभर?

त्यांच्या घरून सीडी आली. दुपारी ती लावली, फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकली. चित्राचा आकार लहान केला, क्वालिटी उतरवली – तेव्हाच्या नेटवर त्याशिवाय काही चालायचंच नाही. खाली आवाजाचा चौकोन होता, त्यात बरोबरची खूण. मी ती खूण पुसली. माझी टर उडवलेला तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा गप्प करता आला नसता का? आला असता. लग्नाच्या फिल्मांत मी रोज तेच करायचो. पण तेवढाच गप्प केला, तर पाहणारा विचारणार – इथेच काय झालं? म्हणून चाळीस मिनिटांचा सगळा आवाज काढून टाकला. मध्ये दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि दोन्ही वेळा मी ती खूण पुन्हा पुसली. तेव्हा हात चुकला म्हणायची सोय मी स्वतःलाही ठेवलेली नाही.

सोमाजीभाऊची बायको – जना वयनी – दुकानात बघायला आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. पडद्यावर सोमाजीभाऊ पदर सावरत नाचतोय, तोंड हलतंय.

“भाऊ, हे बोलून काऊन नाई राह्यले?”

“जुन्या फायलीचा आवाज नाई उतरत, वयनी.”

तिने मान हलवली. आणि मग काय केलं असेल तिने? त्याच्या ओठांकडे बघत स्वतःच बोलू लागली. हळू आवाजात, त्याच्याच ठेक्यात. कॅसेट धड होती तोवर तिने ती कितीदा पाहिली असेल, कोण जाणे. एक शब्द चुकला नाही.

मग तो तुकडा आला. चित्र जरा हलतं तिथे – तो माझाच हात. वयनी थांबली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सोमाजीभाऊचे ओठ हलत राहिले आणि ती गप्प उभी राहिली. तुकडा संपला, आणि त्याच्या पुढच्या वाक्यापासून ती पुन्हा बोलू लागली.

तिने माझी लाज राखली. सीडी तेव्हा कॉम्प्युटरमध्येच होती – एक बटन दाबलं असतं, तर दुकानभर तिच्या नवऱ्याचा आवाज झाला असता. मी दाबलं का? ती गेल्यावर मी सीडी बाहेर काढली आणि मोडून दोन तुकडे केले. राग आला होता मला. सोमाजीभाऊचा नाही – तिचा. मंदाला सांगितलं, सीडी खराब निघाली, फेकून दिली.

पुढे वयनी मंदाकडे राहायला गेली. एक दिवस मंदाचा फोन आला. “काका, आई रोज ते लावाले सांगते अन् बाबाचं सगळं बोलून दाखवते. पन एका जाग्यावर गप्प होते. विचारलं तं म्हनते, आठवत नाई. तिथं बाबा काय म्हनत होते?”

मी म्हणालो, “मले बी नाई आठवत.”

वयनी आता नाही. मशीन तेव्हाही ठीक होतं. सोमाजीभाऊ तिथे कमरेवर हात ठेवून, डोळ्यांवर पंजा धरून म्हणाला होता, “अवं बायाहो, माह्या फोटोवाल्या नवऱ्याले कोनी पाह्यलं का? खाली काऊन पाहता? खाली तं मी हाओ अन् अस्वल हाय. वर पाहा, मोहावर!”

सगळं आठवतं मला. मंदाचा फोन आला होता, तेव्हाही आठवत होतं.