धायजीच्या पायातलं सोनं

दरबारांनी धापूबाईच्या पायातलं सोनं उतरवून घेतलं, अशी बोंब साऱ्या सूरजसरात उठली होती. तिखटमीठ लावणाऱ्यांनी तर तिच्या नावावर राणीवशातली चांदीची पळीसुद्धा चोरून टाकली. सगळं खोटं. दरबार, म्हणजे सूरजसरचे राजे, त्या दिवशी संस्थानातच नव्हते. आबूच्या थंड हवेत पोलो बघत बसले होते.

धापूबाई दरबारांची दूधआई, म्हणून सारे तिला धायजी म्हणत. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी तिच्या उजव्या पायात सोन्याचं भरीव कडं घातलं. पायात सोनं घालण्याचा मान राजानं द्यायचा, राजानंच काढायचा. मागे एका ठाकुराचं सोनं उतरलं, तर त्याच्या लेकींना स्थळं येईनात. कडं मिळाल्यापासून धापूबाई घागरा वीतभर वर खोचून चालायची. वाटेत चिखल असायलाच हवा असं नव्हतं.

गणगौरीच्या मिरवणुकीत तळ्याच्या पायरीवर तिचा तोच पाय मुरगळला. सकाळी घोटा असा टरारून सुजला की कडं मांसात रुतलं. तेल झालं, साबण झाला, कडं हलेना. बोटं निळी पडली. वैद्यजींनी सांगितलं, "दिवस मावळायच्या आत हे निघालं नाही, तर पाय गेला समजा."

किस्तूर सोनार हत्यारं घेऊन आला आणि कडं बघून मागे सरला. "धायजी, राजाचं सोनं कापलं तर मी तुरुंगात."

सून झमकू कामदारांकडे, म्हणजे संस्थानच्या कारभाऱ्यांकडे, धावली. राजा नसताना राज्य त्यांचंच. कामदार मगनराज पान चघळत म्हणाले, "आबूला तार करतो. उत्तर येईपर्यंत हात लावाल तर खबरदार. सोनं उतरलं की मान गेला."

दुपार कलली. उत्तर नाही. झमकूनं सासूच्या अंगठ्याला चिमटा काढला. सासूला कळलंच नाही. तेव्हा मात्र धापूबाईचा चेहरा उतरला.

"किस्तूर, करवत दे."

"देणार नाही. पण हत्यारं इथंच विसरलो, तर माझं वय झालंय," म्हणत तो भिंतीकडे तोंड करून बसला.

धापूबाईनं करवत ओढायला घेतली. झमकू वरून पाणी सोडत होती. घसटलेल्या कातडीतून रक्त आलं. हात थांबला नाही. कडं निम्मं कापलं असेल, तोच कामदार दारात.

"थांबा धायजी!"

करवत चालूच राहिली. शेवटी कट् झालं. किस्तूरनं डोळे मिटून पक्कड लावली, कडं फाकवलं, पाय मोकळा केला. निळ्या बोटांत हळूहळू लाली चढू लागली, तशी झमकू रडायला लागली.

कामदारांनी तुटकं कडं उचललं. "कुणाच्या हुकमानं कापलंत हे?"

धापूबाई बोटं हलवून बघत होती. मान वर न करता म्हणाली,

"कामदारजी, अन्नदाता दरबार लहानपणी आक्रोश करत होते तरी त्यांचं अंगावरचं दूध मी तोडलं होतं. तेव्हाही कुणाचा हुकूम घेतला नव्हता."