शेवटचे आकडे बेचाळीस

आयलाने ट्रकचं इंजिन बदलायचं मनात ठरवलं होतं. फक्त वडिलांना सांगायचं बाकी होतं.

एकोणीस वर्षं ती दर हिवाळ्यात, सरोवर गोठलं की त्याच्या बर्फावरून ट्रक नेऊन बेटांवरचे लाकडाचे ओंडके वाहत होती. तिच्या वडिलांचं, ताउनोचं, कंबरेचं हाड मोडलं तेव्हा तिने त्याच्या ट्रकची किल्ली उचलली. बाई ट्रक चालवते म्हणून लाकूड कारखान्याच्या वजनकाट्यावरची माणसं आठवडाभर हसली, मग हसून दमली. पण चौदा लाख किलोमीटर झाल्यावर इंजिन तेल पिऊ लागलं, चढावर निळा धूर ओकू लागलं.

"हे इंजिन नाही, चाळणी आहे," येस्से मेकॅनिक म्हणाला. "भंगारात दे. मी दुसरं बघतो."

जुन्या टायरवर बसलेला ताउनो गुरगुरला, "हेच दुरुस्त करायचं. दुसरं घालायचं नाही."

"बाबा, याचं लग्न लावायचंय का तुम्हाला?"

ताउनो हसला नाही. ऐंशीच्या माणसाच्या हट्टापुढे आयलाच नमली. "बरं. येस्से, भाग मिळतात का ते तरी बघ."

भाग मागवायला इंजिनाचा नंबर लागतो. येस्सेने ब्लॉकवरची काजळी खरवडली, डिझेलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसली आणि आकडे वाचू लागला. आयला ते ट्रकच्या नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहत होती.

"...बेचाळीस."

"एक्केचाळीस. चष्मा लाव."

"तूच ये ना बाईसाहेब."

ती वाकली. बेचाळीसच.

ताउनो आणि त्याचा धाकटा भाऊ ओस्मो यांनी एकाच दिवशी दोन सारखे ट्रक घेतले होते, पाठोपाठच्या नंबरांची इंजिनं असलेले: ताउनोचं एक्केचाळीस, ओस्मोचं बेचाळीस. बावीस वर्षांपूर्वी मार्चअखेरीस सरोवरावरचा बर्फ फुटून ओस्मोचा ट्रक पाण्यात गेला. दार उघडंच ठेवलं होतं त्याने. वेळ आली तर उडी मारता यावी म्हणून बर्फावर सगळेच ठेवतात. तरी त्याला निघता आलं नाही. वर काढलेला ट्रक भंगारात गेला, असं घरात सांगितलं होतं.

एकोणीस वर्षं, दर हिवाळ्यात, तिने हेच इंजिन त्याच बर्फावरून नेलं होतं.

"बाबा, हे काकाचं आहे."

ताउनो म्हणाला, "ती खेप माझी होती. माझं इंजिन आदल्या दिवशी निकामी झालं. ओस्मो म्हणाला, मी जातो." त्याने इंजिनाकडे बोट केलं. "धुऊन, वाळवून मीच हे माझ्या ट्रकमध्ये बसवलं. भंगारात कसं टाकू ते?"

येस्सेने पाना खाली ठेवला.

"काकूला माहीत आहे?" आयलाने विचारलं.

ताउनोने मान हलवली. नाही.

आयलाला ओरडायचं होतं. पण ती म्हणाली, "येस्से, काहीच मागवू नकोस. भंगारवाल्यालाही बोलावू नकोस. हे काकूचं आहे, तीच ठरवेल." मग वडिलांकडे वळली. "उठा. काकूला तुम्ही सांगायचं, मी नाही."

"आत्ता?"

"आत्ता."

ताउनो टायरचा आधार घेऊन उठला. आयलाने नेहमीसारखा त्याला हात दिला नाही.