वाघोबाच्या कपाळावरचा चुना

रूपीची दोरी तुम्ही पाहिलेली नसणार, म्हणून आधी दोरीचंच सांगतो.

तलासरीजवळ आमच्या झरीत पूर्वी लग्नाचं बोलावणं दोरीने जायचं. लग्नाला जितके दिवस उरले तितक्या दोरीला गाठी. ज्याच्या घरी दोरी पोचली त्याने रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की डोक्याला फडकं बांधायचं आणि लग्नाला निघायचं. तारीख-वार न कळणाऱ्या माझ्या आज्याचाही एवढ्या जन्मात एक दिवस चुकला नाही. एकदाच उंदराने दोरी कुरतडली, तेव्हा तो दोन दिवस आधी जाऊन नवऱ्यामुलाच्या घरी बसला आणि दोन दिवस जेवला. पुढे पत्रिका आल्या, मोबाइल आले, दोरी गेली. रूपीने ती पुन्हा काढली. पण लग्नासाठी नव्हे, मोर्च्यासाठी.

रूपी आमच्या पाड्याची धवलेरी. लग्नात चौकासमोर बसून देवाची गाणी म्हणते आणि लग्न लावते ती धवलेरी. तिचा आवाज असा की मांडवातली कुत्रीसुद्धा गप्प बसतात. आता साठीला आली. नवरा लाहू जाऊन अकरा वर्षं झाली. पाड्याच्या मागे वाघोबाची टेकडी आहे. वर वाघोबाचा दगड, आणि खाली टेकडीच्या पोटाशी आमच्या गेलेल्या माणसांचे दगड. लाहूचाही तिथेच. दर वाघबारशीला वाघोबाला शेंदूर लावायचं काम लाहूचं होतं. तो गेल्यावर पाड्याने ते रूपीला दिलं. ती रोज सकाळी वर जाते, वाघोबाशी दोन शब्द बोलते, उतरताना लाहूशी चार. लाहू जिवंत असताना त्याच्या वाट्याला एवढे येत नव्हते, असं मी म्हटलं की ती दगड उचलते.

आमच्या मंडळाची ती महिला प्रमुख. मंडळाचा चिटणीस दिपक. तो तिच्या बहिणीचा मुलगा, शिक्षक आहे आणि मसोलीला राहतो. मंडळाचं काम काय, तर आदिवासी माणसाचा कुठे अपमान झाला, हक्क गेला, की आवाज करायचा. रूपीच्या लेखी अपमानाला लहान-मोठं नसे. दोरी निघायची. सात पाड्यांना सात दोऱ्या.

पहिली दोरी निघाली ती नरपडच्या एका नव्या गेस्टहाऊसवरून. तिथल्या मालकाने हौसेने आमचा लग्नाचा देवचौक, लग्नात भिंतीवर काढतो ते चित्र, छापून घेतला होता, देवीसकट. छापला कुठे, तर पायपुसण्यावर. तीन गाठी सुटल्या आणि चाळीस बायका त्याच्या दारात जाऊन बसल्या. बोलल्या काही नाहीत. मालक आधी हसला, मग पाणी आणलं, मग घामाघूम झाला. शेवटी रूपी म्हणाली, "शेठ, देवी आहे ती. पाय पुसलात, आता डोक्यावर घ्या." आणि त्या माणसाने खरोखर पायपुसणं डोक्यावर घेऊन गेटपर्यंत आणलं. परत येताना टेम्पोत बायका इतक्या हसल्या की ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली.

मग डहाणूच्या एका शाळेतलं स्नेहसंमेलन. शहरातली मुलं अंगाला काजळी फासून, कमरेला पानं बांधून नाचत होती आणि माइकवर आरोळ्या चालल्या होत्या. रूपी सरळ स्टेजवर चढली. सगळ्यात पुढच्या मुलीला विचारलं, "बाय, तू कोण?"

"मी आदिवासी."

"अगं मग आपलीच की! चल घरी, भात झोडायचं राहिलं आहे."

पोरगी घाबरून रडायला लागली. रूपीने पदराने तिचं तोंड पुसलं आणि खाली बसलेल्या आयांना म्हणाली, "काळी आम्ही नाही केली, तुम्ही केली." मुख्याध्यापिकांनी माफी मागितली. हे मी किती जणांना सांगितलंय त्याला मोजदाद नाही.

पण तिसरी गोष्ट सांगताना माझं हसू अर्ध्यावर थांबतं. बँकेतल्या एका कारकुनाने रूपीला न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा." रूपी सही करते. लाहूने शिकवली, भिंतीवर कोळशाने गिरवून घेऊन. ती तशीच उठली. घरी आली आणि सुतळी काढली. पाच गाठी. कापणी ऐन भरात, भात शेतात उभं, तरी सात पाड्यांतून दोनशे माणसं चालत गेली. बँकेला कुलूप. दुसरा शनिवार!

आमची दोरी दिवस मोजते, वार मोजत नाही. रूपी स्वतःच्या कपाळावर हात मारून हसली. मीही हसलो. दोनशे माणसांतली पाचेक हसली असतील. त्या रात्री अवकाळी पाऊस आला आणि शेतातलं भात आडवं झालं. दुसऱ्या दिवशी रघ्या रूपीच्या दारात उभा राहिला. पहिल्यापासून प्रत्येक मोर्च्यात पुढे असणारा माणूस. म्हणाला, "मावशी, तुझ्या सहीपायी माझं वर्षाचं भात गेलं. पुढच्या दोरीला मी नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने आवाजही चढवला नाही.

मंडळाची बैठक झाली. दिपक उभा राहिला. "मावशी, राग मानू नकोस. पण प्रत्येक गोष्टीला आपण माणसं उभी केली तर खरं संकट येईल त्या दिवशी कोण येणार? लोक म्हणतात, ह्यांचं रोजचंच आहे. निवडून लढायला पाहिजे."

"काटा लहान म्हणून पायात ठेवतोस का तू?"

"काट्यासाठी दोनशे माणसं बोलवत नाही मी."

"मग मोठं कुठलं, लहान कुठलं, हे ठरवणार कोण? तू?"

"कुणीतरी ठरवायला पाहिजे ना."

खोटं सांगत नाही, माझा हात दिपकच्या बाजूने वर गेला. बहुतेकांचा गेला. ठरलं, की यापुढे दिपकने हो म्हटल्याशिवाय दोरी निघणार नाही. रूपीने कनवटीची सुतळीची गुंडी काढून भाच्याच्या हातात दिली. "घे मास्तर. वर्गात फळ्याला टांग." सगळे हसले. ती हसली नाही.

त्यानंतर एक वर्ष फार शांत गेलं. इतकं शांत, की मला बरं वाटत होतं. कोणी कोणाला ए म्हटलं, कुठल्या दुकानदाराने बाईला बाहेरूनच सामान दिलं, तरी रूपी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मास्तरला विचारा." पुढे पुढे लोक सांगेनासे झाले. मला वाटलं, अपमानच कमी झाले.

गेल्या वाघबारशीच्या पाच दिवस आधी एक पांढरी जीप आली. तिघे जण उतरले. फार सभ्य माणसं. टेकडी चढताना त्यांनी पायातले बूटसुद्धा काढले, आमच्या पाड्यातल्या हाल्याने स्वतः पाहिलं. वर काहीतरी मोजलं, फोटो काढले, पाणी मागून प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपी वर गेली तर वाघोबाच्या कपाळावर चुन्याचा एक बाण आणि बाणाशेजारी काहीतरी लिहिलेलं.

ती तशीच खाली आली, चप्पल न घालता, आणि गाडी पकडून मसोलीला गेली. मी सोबत होतो. दिपक शाळेत निघायच्या घाईत.

"देवाच्या तोंडाला चुना फासलाय, दिपक. दोरी दे."

"मावशी, मोजणीवाले असतील. त्यांना काय ठाऊक, दगड दिसला की खूण करतात."

"बूट काढून चढले रे. ठाऊक होतं त्यांना."

दिपक क्षणभर थांबला. तो क्षण मी पाहिला, म्हणून सांगतो. मग म्हणाला, "चार दिवसांवर वाघबारस आहे. तू शेंदूर लावशीलच. चुना झाकला जाईल, विषय संपेल. एवढ्यासाठी नको."

मला वाटलं, आता ही त्याचं शाळेचं दप्तर फेकून देणार. रूपी म्हणाली, "बरं."

पन्नास वर्षं ओळखतो मी तिला. नुसतं बरं तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वाघबारशीला तिने शेंदूर लावला. दरवर्षी एक हात लावते, यंदा तीन लावले. बाण गेला, लिहिलेलं गेलं. कपाळ लालभडक. नारळ फुटला, पोरं वाघ होऊन नाचली, मी खाऊन पिऊन झोपलो. त्याच आठवड्यात माझी सून सुषमा पोरांवर ओरडत होती, ओट्याच्या भिंतीवर चुन्याने खरडलंय म्हणून. पोरं म्हणाली, आम्ही नाही. पोरं नेहमीच तसं म्हणतात. तिने त्यावर सूप टांगलं. हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो.

पौषात टेकडीच्या पायथ्याशी एक पोकलेन येऊन उभा राहिला. वर निळी ताडपत्री. सोबत एक ड्रायव्हर, तो तिथेच चूल मांडून राहू लागला. विचारलं तर म्हणे, "मला सांगतील तेव्हा चालू करायचं." टेकडीचा मुरूम काढायचा होता. कुठल्याशा कामाच्या भरावासाठी सगळी टेकडी.

आम्ही ऑफिसात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. रूपी, दिपक आणि मी. रूपीला तिथे आजवर कोणी बस म्हटलं नव्हतं. त्या दिवशी शिपायाने खुर्ची आणून दिली, वर पुसूनही दिली. रूपी बसली नाही. माझ्याकडे वाकून म्हणाली, "दादा, खुर्ची देतायत. काम झालेलं आहे यांचं."

साहेबांनी कागद दिपककडे सरकवला. दिपकने मोठ्याने वाचला. जागा पडीक. पूजेचं स्थान आढळलं नाही, एक दगड आढळला. दगडावर जाहीरपणे खूण केली, खुणेबाबत मुदतीत कोणाचीही हरकत आली नाही.

"साहेब, तो आमचा देव आहे," दिपक म्हणाला.

साहेब चिडले नाहीत. "सर, तुमच्या मंडळाचं नाव ऐकलंय आम्ही. पायपुसण्यावरून तुम्ही चाळीस बायका बसवता. सहीवरून दोनशे माणसं आणता. आम्ही खूण करून वाट पाहिली. एक माणूस आला नाही. उलट वर रंग लावून घेतलात. आम्ही समजलो, तुमचं काही म्हणणं नाही."

दिपकचा हात कागदावर तसाच राहिला. परत येताना गाडीत तो एकदाच बोलला. "मावशी, मी..."

"हात माझा होता, दिपक. शेंदूर मी लावला." आणि तिने हात पुढे केला. "गुंडी दे."

त्याने ती खरंच वर्गातल्या कपाटात ठेवली होती. घेऊन आला. रूपीने सात दोऱ्या केल्या, सात-सात गाठींच्या. मी या वयात सायकलवर तीन पाडे केले. पहिल्या पाड्यावर रखमी नावाच्या बाईने दोरी घेतली, पण गाठी मोजल्या नाहीत. दाराच्या खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "या वेळी कोणाची सही?" मी म्हटलं, वाघोबाची. ती हसली नाही, रागावलीही नाही. "बघते," म्हणाली. दुसऱ्या पाड्यावर माणूस घरात असून पोरीने नाही सांगितलं. तिसऱ्यावर दोरी घेतलीच नाही.

रोज सकाळी मी माझी गाठ सोडायचो आणि ओट्यावरून टेकडीकडे बघायचो. तिसऱ्या गाठीला पोकलेनवरची ताडपत्री गेली. पाचव्या गाठीला डिझेलचे पिंप आले. सहाव्या दिवशी ड्रायव्हरने चूल मोडली.

सातवी गाठ सुटली तेव्हा टेकडीवर आम्ही चौदा जण होतो, मी आणि रूपी धरून. दिपक रजा टाकून आलेला. हाल्या होता. आणि सगळ्यात मागे, कोणाकडे न बघता, रघ्या. रूपीने त्याला पाहिलं आणि नुसती मान हलवली. खाली जीप आली होती. सभ्य माणसं बोनेटवर कागद पसरून उभी होती. वर बघून त्यांनी हातसुद्धा हलवला.

"चौदा," दिपक म्हणाला. "मावशी, चौदा माणसांनी काय होणार?"

रूपी वाघोबासमोर बसली. मला वाटलं, गाणं धरते. तिने कमरेचा विळा काढला आणि वाघोबाच्या कपाळावरचा शेंदूर खरवडायला लागली.

"काय करतेस?" रघ्या पुढे आला.

"लिहिलंय काय ते बघते. तेव्हा कोणी वाचलंच नाही. मी वाचलं नाही, मास्तरनेही विचारलं नाही."

शेंदराचे पापुद्रे तिच्या मांडीवर पडत होते. आधी बाण निघाला. त्याचं टोक खाली होतं, पाड्याच्या दिशेने. मग शेजारचा आकडा निघाला. एक.

"एकच आहे," दिपक म्हणाला. "टेकडीचा नंबर असेल."

रूपीने विळा खाली ठेवला आणि आम्हा सगळ्यांकडे वळून बघितलं. "मग दोन कुठे आहे?"

खाली पोकलेन चालू झाला, पहिल्यांदा. त्याचा आवाज टेकडीच्या आतून आल्यासारखा पायांत येत होता.

"माझ्या विहिरीच्या कठड्यावर आहे," हाल्या हळूच म्हणाला. "मला वाटलं, पंपवाल्याने लिहिला. एवढंसं होतं. काय सांगायचं म्हणून..."

"तीन माझ्या गोठ्यावर," रघ्या म्हणाला. "दिवाळीपासून आहे."

रूपी एकेकाच्या तोंडाकडे बघत माझ्यापर्यंत आली. आयुष्यभर मी बोलत आलो आहे, चितेवरही गोष्ट सांगेन असं लोक म्हणतात. तेव्हा मला तोंड उघडता येईना. सुषमाचं सूप मला तिथून दिसत होतं, ओट्याच्या भिंतीवर, सकाळच्या उन्हात.

"चार," मी म्हटलं.