आत्याचा मान

आमच्या लेकीचं वय बत्तीस आणि गळ्यात लाळेरं. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून चालणं आधाराने, बोलणं अडखळत आणि तोंडातून लाळेची धार. तिला लाळ जास्त सुटत नाही, ती गिळता येत नाही, हे लोकांना सांगून सांगून मी थकले. हनुवटी कायम सोललेली. हडपसरच्या बसमध्ये शेजारची बाई अंग चोरून बसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सूनबाईंना दिवस गेले आणि पोरीने एकच धोशा लावला, "नाव मी." बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या ही एकटीच. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तिला कशाला त्रास? चुलत आत्या आहे की. बाळाच्या कानात काही गेलं-बिलं तर?"

"अहो, किती काळजी करता आपण!" म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. कारण धास्ती मलाही तीच होती.

डॉक्टरांनी बोटॉक्स सुचवलं.

"ते सुरकुत्यांचं?"

"तेच. लाळेच्या ग्रंथींत दिलं की लाळ कमी होते. काही महिने टिकतं, मग पुन्हा द्यावं लागतं." मुळात ते विष आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. विष तर विष. द्या म्हटलं.

बाळंतपणाच्या तारखेआधी पंधरा दिवस इंजेक्शन द्यायचं ठरलं, आणि बाळाला नेमकी तेव्हाच घाई झाली! पोरीला सुया टोचल्या त्याच दिवशी ती आत्या झाली. कानाखाली, जबड्याखाली सोनोग्राफीत बघत टोचत होते. ती रडली नाही. "आठवडा लागतो, कधी दोन," डॉक्टर म्हणाले. "खात्री देत नाही." आणि बारसं बाराव्या दिवशी.

रोज उठले की आधी तिची उशी चाचपायची. ओली. दुसऱ्या दिवशीही ओली. आठवडा उलटला तरी चिंब. देवाला हात जोडून झाले, देवाशी भांडूनही झालं. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन, चुलत आत्यासाठी साडी आणून ठेवली म्हणे. असू द्यावी हाताशी! पोरगी मात्र आरशासमोर बसून नाव घोकत होती. तिच्याकडे बघवेना.

बारशाच्या सकाळी उशी नुसती दमट होती. मी ती गालाला लावून बसून राहिले.

पाळण्यापाशी तिचं लाळेरं मी माझ्या हाताने सोडलं. ती वाकली. सगळ्यांचे डोळे तिच्या हनुवटीवर, विहीणबाई तर पाळण्याची दोरी धरून उभ्या. हनुवटी कोरडी होती. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि मग एकेक अक्षर जुळवत बाळाच्या कानात नाव.

नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसत, खिदळत. इथे कुणाचा हात उठेना. सगळ्या डोळे पुसत उभ्या. बिचारी, कुणीतरी पुटपुटलं.

ती वाकलेलीच होती, पाठ पुढे करून वाट बघत. मग मान वळवून चिडून म्हणाली, "मारा ना!"

मी रडत रडत असा सणसणीत धपाटा घातला की पाळणा हलला.

"अजून," ती म्हणाली.