आबांचं इंजिन

हौसेला मोल नसतं म्हणतात. हिंदुरावांच्या हौसेला तर ताळतंत्रही नव्हतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून सुटले की हे गृहस्थ घरी जायचं सोडून शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प तीन गाठायचे. तिथे एका सिंधी दुकानदाराकडे परदेशातली जुनी खेळणी यायची. "आओ साहब, डिझेल आया है, असली फॉरेन का," म्हणत तो वीतभर लांबीचं रेल्वेचं इंजिन पुढे करी आणि हिंदुराव विरघळत.

घरी आणलेलं इंजिन ते आधी ब्रेक ऑइलमध्ये बुडवत. थिनरने प्लॅस्टिक वितळतं, हे एका इंजिनाचा लगदा झाल्यावर कळलं होतं. जुना रंग सुटला की टूथब्रशने घासायचं, पॉलिश पेपर फिरवायचा आणि कल्याणच्या डिझेल इंजिनांसारखा रंग द्यायचा. तोही इतका पातळ, की बोट फिरवलं तर पट्टा कुठे सुरू झाला ते कळू नये. "स्वतःचे दात तरी एवढे घासा," असं मालिनीबाई नवऱ्याला ऐकवायच्या.

कपाटात एकच इंजिन कुरूप होतं. ते आबांचं. आबा, म्हणजे हिंदुरावांचे वडील धोंडिबा, कल्याण यार्डात डिझेल इंजिन चालवायचे. चौऱ्याऐंशी साली ते रिटायर झाले तेव्हा हिंदुरावांनी त्यांना हे इंजिन आणून दिलं. म्हाताऱ्याने कुणाला न विचारता खिडकीच्या गजांचा उरलेला ऑइल पेंट त्याला फासला आणि काडेपेटीच्या काडीने आपल्या इंजिनाचा नंबर दोन्ही बाजूंना लिहिला. रंगाचे ओघळ आले, आकडे जाडजूड उठून राहिले. हिंदुराव मनात चरफडले, पण बापापुढे काय बोलणार!

पुढे काचबिंदूने आबांची नजर गेली. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की ते इंजिन मागून घेत, मांडीवर धरत आणि त्याच्यावर अंगठा फिरवत यार्डातल्या गोष्टी सांगत. हिंदुराव गोष्टी मन लावून ऐकत. अंगठा काय करतोय, तिकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही.

त्र्याण्णवच्या गणपतीत सोसायटीने रेल्वेचा देखावा करायचं ठरवलं. इंजिनं अर्थातच हिंदुरावांची. सगळ्यांत पुढे आबांचं इंजिन ठेवायचं, हे त्यांनी हट्टाने ठरवलं. पण अशा अवतारात? वडिलांचा मान राहायला हवा. त्यांनी आबांना न सांगता ते ब्रेक ऑइलमध्ये टाकलं आणि रंगवलं असं, की आयुष्यात तसं काम पुन्हा झालं नाही. नंबरसुद्धा तोच, अगदी छापल्यासारखा. लोक वाकून वाकून बघत होते.

विसर्जन झाल्यावर त्यांनी मोठ्या खुशीत ते आबांच्या हातात दिलं.

आबांचा अंगठा एका बाजूवरून फिरला. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या.

"हे नव्हं रं. माझं दे."

"आबा, तुमचंच आहे. नवा रंग दिलाय. नंबरपण आहे."

"कुठाय?"

हिंदुरावांनी त्यांचं बोट धरून नंबरावर टेकवलं. बोट गुळगुळीत रंगावर तसंच राहिलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे त्या क्षणी त्यांना कळलं.

दोन दिवसांनी त्यांनी काडीनेच जाड आकडे काढून आणले. आबांनी चाचपले, हसले. "चांगलं केलंस. पर माझा सात असा नसतो."

त्यानंतर आबांनी इंजिन कधी मागितलं नाही. चहा झाला की रिकामे हात मांडीवर ठेवून बसत. यार्डाच्या गोष्टीही संपल्या. शहाण्णवमध्ये आबा गेले.

दिवस-कार्य आटोपल्यावर हिंदुरावांनी कपाट उघडलं. डोळे मिटून एकेक इंजिन हातात घेतलं, अंगठा फिरवला. सगळी सारखीच गुळगुळीत. कुठलं कुठलं, काही कळेना. शेवटी जाड आकडे हाताला लागले. त्यांनी ते इंजिन मांडीवर घेतलं आणि सातावरून अंगठा फिरवत आबांचा सात कसा होता ते आठवू लागले. इतकी वर्षं ते इंजिन डोळ्यांसमोर होतं, पण सात काही आठवेना.