बारा डोक्यांचा क्रम

"चोर म्हणायचं ते म्हणा वहिनी, पण माझ्या शर्टांच्या घड्या घालू नका."

"चुरगळलेले कपडे घेऊन माझ्या घरातून कुणी बाहेर पडणार नाही. चोरी केलीत ती केलीत."

"मग त्या निळ्या शर्टाचं बटणही लावून द्या. चोराला नीटनेटकं पाठवायचंच आहे तर."

"थट्टा सुचते तुम्हाला. माझे चौदा टोप गेले, भावोजी."

दीरानं निळा शर्ट तिच्याकडे सरकवला. चौदा टोप म्हणजे किती, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. ती केसांचे टोप करायची. डोक्याच्या मापाची जाळी ताणून बसवायची आणि बारीक आकडीनं एकेक केस ओढून त्याला गाठ मारायची. एका टोपाला पाच आठवडे लागत. त्यामुळे तिचा हिशेब पैशात नसायचाच. फ्रिज दोन टोपांचा होता, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन तीन टोपांचं. गल्लीत तिला सगळे टोपवाली म्हणायचे, आणि एखाद्या घरची मालकीण गावाला गेली की तिथं काम करणारी बाईसुद्धा "टोपवालीकडे किल्ली ठेवते" असं बिनधास्त म्हणायची. तिच्याकडे ठेवलेली वस्तू हलत नाही, अशी ख्याती होती.

चौदा टोपांचे पैसे साठले होते ते एका खोलीसाठी. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर, उत्तरेला मोठी खिडकी असलेली. काळ्या जाळीवर काळा केस बसवायला उत्तरेचा उजेड लागतो. तो दिवसभर एकसारखा राहतो. आजवर ती घराच्या बोळात, डोक्यावर ट्यूबलाइट लावून बसत आली होती. बाथरूमला जाणारा प्रत्येक माणूस तिच्या पाठीला घासून जायचा. खोलीचा बयाणा देऊन झाला होता. उरलेले पैसे महिनाअखेरीला द्यायचे होते. त्याला नऊ दिवस राहिले होते आणि पैसे आठ दिवसांपूर्वीच नाहीसे झाले होते.

"मी आणली ना ही ब्याद घरात," दीर म्हणाला. "तेवढा गुन्हा कबूल."

तेवढं खरं होतं. दीर फोन दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिचं बरंचसं काम परदेशातल्या एका नाटक कंपनीकडून यायचं आणि त्याचे पैसे बँकेतून यायचे. तिकडची बँक कापायची, मधली कुठली तरी बँक कापायची, मग इकडची बँकही थोडं ठेवून घ्यायची. दर बारा टोपांमागे एक टोप बँकांच्या घशात जायचा. वर नऊ दिवस लागायचे. एकदा फॉर्मवर तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर एकोणीस लागले. तेव्हा दीर म्हणाला होता, वहिनी, क्रिप्टोत घ्या. दहा मिनिटांत येतात, आणि कापून जातात ते चहाच्या कपाएवढे.

पहिल्यांदा पैसे आले तेव्हा ती गॅसजवळ उभी होती. कंपनीनं पाठवल्याचा निरोप आला, आणि दूध उतू जायच्या आत फोन वाजला. ती कितीतरी वेळ आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या लवकर आले म्हणजे कुणीतरी चुकून पाठवले असतील." पण नंतर तिला सवय झाली. गेल्या सोळा महिन्यांत ती बँकेची पायरी चढली नव्हती.

सासूबाई मात्र दर महिन्याला पेन्शनसाठी रिक्षा करून बँकेत जात. आत्ताही त्या खुर्चीत गुडघ्याला पट्टा बांधून बसल्या होत्या आणि दोघांच्या मधेमधे बोलत होत्या.

"माझी सही जरा वाकडी आली की तो कारकून म्हणतो, आजी, परत करा. मागच्या महिन्यात चारदा करायला लावली. मी त्याला घालून पाडून बोलले. आता वाटतं, बोलायला नको होतं. हिच्या पैशांना कुणी विचारलं का, की बाई, सही तुझीच ना?"

"आई, त्यात सही नसतेच," दीर म्हणाला. "बारा शब्द असतात. ते ज्याच्याकडे, पैसे त्याचे."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"कुणाकडे नाही."

"साहेब कोण असतो त्यांचा?"

"साहेब नसतो."

"काउंटर तरी असेल ना कुठं?"

टोपवाली निळ्या शर्टाची बाही सरळ करत म्हणाली, "काउंटर नाही, आई. मी विचारलंय सगळं. भावोजींच्या दुकानाच्या मालकानंच दाखवलं मला. मंगळवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी पैसे गेले. कुठल्या खात्यात गेले तेही दिसतं, अख्ख्या जगाला दिसतं. फक्त ते खातं कुणाचं, ते दिसत नाही."

"मंगळवारी तीनला हा माझ्याबरोबर दवाखान्यात होता."

"फोन होता ना खिशात. दवाखान्यातून होत नाही का ते?"

"होतं," दीरच म्हणाला. "कुठूनही होतं. पण शब्द लागतात, वहिनी. मी ते बघितलेच नाहीत. पहिल्या दिवशी शब्द आले तेव्हा तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. आठवतंय का? शाळेतल्या पोरासारखं."

"तुम्ही फोनची कामं करता. फोनमधून काढले असतील मागाहून."

"माझ्या पुढ्यात फोन उघडा आणि दाखवा, कुठून काढले ते."

खिडकीपाशी तिचा नवरा पेपर घेऊन बसला होता. तो कातारी होता. लेथवर लाकडाची कामं करायचा, पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे. आठ दिवस तो या विषयावर जेमतेम चार वाक्यं बोलला होता. त्यातलं एक वाक्य चौथ्या दिवशीचं. "तुला त्याचा एवढा संशय येत असेल तर त्याला म्हणावं, दुसरीकडे खोली बघ. रोज तोंडासमोर नको." त्या वाक्यामुळेच आज बॅग भरली जात होती.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला," ती त्याला म्हणाली. "तुमचा भाऊ आहे."

"मी काय बोलू. तुमचं तुम्ही बघा," तो पेपर उलटत म्हणाला.

दीरानं बॅगेची चेन अर्ध्यात सोडली. "वहिनी, जाण्याआधी एक सांगा. ते शब्द तुम्ही ठेवले होते कुठं? मला आजतागायत माहीत नाही. कपाटात होते? पर्समध्ये? कुणी गिऱ्हाईक आलं असेल, कुणी बाई आली असेल."

"कागदावर लिहिलेच नव्हते मी. कागद सापडतो." आणि मग, आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून, ती उठून बोळात गेली आणि एक लाकडी डोकं घेऊन आली.

टोप बसवायला लाकडाची डोकी लागतात. तिच्या फळीवर तशी बारा होती. सासूबाई म्हणत, या घरात डोकी सोळा, पण दिवसभर गप्प राहून उपयोगी पडणारी बाराच. तिनं हातातलं डोकं उलटं केलं. मानेच्या तळाशी, बुडाला चिकटवलेल्या कापडाखाली, पेन्सिलीनं एक शब्द लिहिला होता. इंग्रजी, अक्षर अक्षर बघून काढलेला.

"बारा डोकी, बारा शब्द. प्रत्येकाच्या बुडाशी एक."

दीर बघतच राहिला. मग स्वतः बोळात गेला, फळीवरची दोन-तीन डोकी उलटी करून आला. "वहिनी, पण ही डोकी तर तुम्ही रोज इकडची तिकडे करता."

"करते. काम असेल तशी."

"मग क्रम कसा लावायचा? हे शब्द ठरलेल्या क्रमानंच लागतात. क्रम चुकला की काही उपयोग नाही. मी सगळे शब्द वाचले असते तरी बसून नुसतं डोकं खाजवलं असतं. कोट्यवधी प्रकारे लागतात ते."

"क्रम आहे की."

"कुठं लिहिलाय?"

"लिहायचा कशाला? यांनी ज्या क्रमानं कातली, त्या क्रमानं. पहिलं ते खोक्याच्या लाकडाचं, कानामागं चीर गेलेलं. लग्न ठरायच्या आधी मला आणून दिलेलं. दुसरं त्याच्या जोडीचं, जरा मोठं. तिसरं मी आजारी होते तेव्हाचं. चौथं..."

ती थांबली.

ती नाटकाच्या एका जुन्या टोपवाल्याकडे काम शिकत होती, तेव्हा हा आताचा नवरा तिथं डोकी पोचवायला यायचा. मालकाला एक द्यायचा आणि तिच्यासाठी उरलेल्या लाकडाचं एक वेगळं. पुढं सतरा वर्षांत त्यानं एकेक करत बारा केली. तेव्हा घरात दोघंच राहत. दीर आणि सासूबाई तीन वर्षांपूर्वी राहायला आले, तोवर बारावं डोकं फळीवर बसलेलं होतं. कुठलं आधी, कुठलं नंतर, हे दोनच माणसांना माहीत होतं. म्हणून तर तिनं तो क्रम निवडला. जगातल्या कुणाला सापडणार नाही अशी जागा शोधताना नवऱ्यापासूनही लपवायचं आहे, असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

"चौथ्याचं बूड सुटलं होतं," ती हळू म्हणाली. "मी तुमच्याकडे चिकटवायला दिलं होतं."

पेपर खाली आला नाही. सासूबाईंनी हात लांब करून तो खाली केला.

"काय रे?"

"परत ठेवणार होतो मी," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, बूड चिकटवताना शब्द दिसला, तशी बाकीची डोकीही उलटून बघितली. लेथवर येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. नवीन नाणं निघालंय, आठवड्यात दुप्पट होतंय. स्वतःचे दुप्पट झालेले त्यानं दाखवले. चौदाचे अठ्ठावीस झाले असते. खोली घेऊन वर लेथसाठी मोटर आली असती. महिनाअखेरीच्या आधी जिथले तिथं ठेवले असते, कुणाला कळलंही नसतं. तीन दिवस चढलं. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं तर काहीच उरलं नव्हतं. ते गिऱ्हाईकही फोन उचलत नाही.

"चौथ्या दिवशी," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे शुक्रवारी. शुक्रवारी तुम्ही मला म्हणालात, भावोजींना दुसरीकडे खोली बघायला सांग."

तो जमिनीकडे बघत राहिला. दीर बॅगेशेजारी खाली बसला. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदाच खरोखर चोरासारखा झाला.

"दादा, मला सांगायचं तरी," तो म्हणाला. "मी म्हणालो असतो, माझ्या हातून झालं. तू मागितलं असतंस तर तेही केलं असतं मी."

"तेच तर केलं त्यानं," सासूबाई म्हणाल्या. "फक्त तुला विचारलं नाही."

"अगं, मी काय उधळले का? दारू प्यायलो का?" नवऱ्याचा आवाज चढला. "आपल्यासाठीच ना? एक दिवस आधी काढले असते तर तू मला डोक्यावर घेऊन नाचली असतीस."

"बँकेत असते तर काय झालं असतं, माहीत आहे?" ती म्हणाली. ती चिडलेली दिसत नव्हती, फार दमलेली दिसत होती. "तुम्ही फॉर्म भरला असता. त्यांनी मला फोन केला असता. सही जुळत नाही म्हणाले असते. नऊ दिवस गेले असते. त्या नऊ दिवसांत एखाद्या रात्री तुम्ही मला उठवून सांगितलं असतं. मी ओळखते तुम्हाला. तुम्हाला पश्चात्ताप व्हायला दोन-तीन दिवस लागतात. इथं दहा मिनिटंच होती."

"चूक झाली म्हणतोय ना मी."

"पैशांची चूक मी दहा मिनिटांची धरते. चला, गेले. पण सगळे आठ दिवस तुम्ही माझ्या ताटाशेजारी बसून जेवलात. मी भावोजींना चोर म्हणत होते आणि तुम्ही मला वाढ म्हणत होतात."

तिनं हातातलं डोकं टेबलावर ठेवलं, खुंटीवरची पिशवी घेतली आणि चप्पल घालून बाहेर पडली. सासूबाईंनी विचारलं, कुठं चाललीस, पण दार तोवर लागलं होतं.

ती तासाभरानं परत आली. तिघं जिथं होते तिथंच होते. फक्त चहाचे तीन कप मधे आले होते आणि एक भरलेलाच होता. तिनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला, सासूबाईंच्या हातात दिला आणि उभ्याउभ्याच बोलली.

"खोलीच्या मालकाकडे जाऊन आले. विकत घेणं जमणार नाही म्हणून सांगितलं. दिलेला बयाणा तो भाड्यात धरतोय, दहा महिन्यांचं भाडं सुटतं त्यात. तसं लिहून घेतलंय, त्याची सही आहे, माझी आहे. कंपनीला कळवते, यापुढं पैसे बँकेतूनच पाठवा, माझ्या एकटीच्या खात्यात, कापतील तेवढे कापू देत. भावोजी, तुमची बॅग रिकामी करा, तुम्ही कुठं जायचं नाही. माझं चुकलं. आई, तुमच्या गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत, सकाळच्या डाव्या बाजूला. एक तारखेपासून मी त्या खोलीत राहणार आहे. एकटी."